आषाढात माणसं लावणीला जातात आणि गवत थांबत नाही: गोल्फ कोर्सवरच्या हंगामी माणसांचं वेळापत्रक

हिरवळ | १४ जुलै, रात्री १०.४०

नमस्कार मंडळी. नवी मुंबईतल्या एका गोल्फ कोर्सवर देखभालीच्या माणसांवर मी सुपरवायझर आहे. कोर्सचं आणि ठेकेदाराचं नाव लिहीत नाही. तक्रार त्यांची नाही. वेळापत्रक मी लावतो आणि तेच कोलमडलंय.

मे महिन्यात हजेरीवर २२ जण होते. आज सकाळी ९. त्यातले ४ कायमचे मशीनवाले, म्हणजे हंगामी १८ पैकी ५ उरले. बाकीचे भाताच्या लावणीला गेले. दोघं-तिघं सांगून गेले, इतर शनिवारी नेहमीसारखे घरी गेले आणि मंगळवारी आलेच नाहीत. सोमवारी आमचा कोर्स बंद असतो.

ज्यांचा या कामाशी संबंध नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. झेंडा आणि खड्डा असतो तो ग्रीन. तिथलं गवत उन्हाळ्यात साडेतीन-चार मिलिमीटरवर कापतो, पावसाळ्यात पाचवर नेतो. फेअरवे म्हणजे ग्रीनपर्यंत जाणारा कापलेल्या गवताचा लांब पट्टा, तो पंधरावर. एका कापणीत पात्याचा तिसऱ्या हिश्श्याहून जास्त भाग उडवायचा नाही, हा गवताचा नियम. म्हणजे फेअरवे बावीसच्या पुढे जायच्या आत मशीन फिरलंच पाहिजे. थंडीत आठवड्यातून एकदा-दोनदा भागतं. जुलैत एक दिवसाआड लागतं, तेही पावसाने उघडीप दिली तर. ओल्या उतारावर बसायचं मशीन घातलं की चाकोऱ्या पडतात, म्हणून हातमशीन आणि खांद्यावरचे ब्रश कटर. ज्या महिन्यात हात दुप्पट हवेत त्याच महिन्यात निम्म्याहून कमी राहतात.

गेल्या आठवड्यात एक फेअरवे पाच दिवस तसाच राहिला. काल नाइलाजाने एकदम खाली उतरवला. वरचं हिरवं सगळं गेलं आणि पिवळ्या काड्या उघड्या पडल्या. हाताखालच्या पोराने विचारलं, "साहेब, हे जळलं का?" जळलं नाही, पण भरून यायला तीन आठवडे जातील आणि तोवर त्या उघड्या जागेत लव्हाळा शिरेल.

जुलैत एकही खाडा न करणाऱ्याला १५०० रुपये जास्तीचे लावून पाहिले. गेले ते गेलेच. नाक्यावरून चार माणसं आणली, त्यातली दोन तिसऱ्या दिवशी आली नाहीत. दर वर्षी हेच. तुमच्याकडे हंगामी माणसं असतील तर वेळापत्रक कसं लावता, आणि गेलेली परत कशी आणता?

खेळपट्टी | १४ जुलै, रात्री ११.२५

मी क्रिकेटचं मैदान बघतो, ठाण्यात. आमचा पावसाळा सोपा, कारण सामने नसतात. तुमचं दुखणं वेगळं असलं तरी एक सांगतो: माणसं मोजायच्या आधी गवत मोजा. जुलैत तुमच्याकडे खेळायला येतात किती? उन्हाळ्याच्या किंवा थंडीच्या मानाने कमीच असणार. मग तेवढंच क्षेत्र कापायचा हट्ट कशाला?

ग्रीन आधी, मग टी (पहिला फटका मारायची जागा), मग फेअरवेचा मधला पट्टा. बाजूचा रफ, म्हणजे लांब ठेवलेलं गवत, दीड महिना वाढू दे. कमिटीला जूनच्या पहिल्या आठवड्यात नकाशावर रंगवून दाखवा की हा भाग ऑगस्टअखेरपर्यंत कापला जाणार नाही. आधी सांगितलं तर ते नियोजन ठरतं. जुलैत सांगितलं तर कारण दिल्यासारखं वाटतं.

ठेका_तुर्भे | १५ जुलै, सकाळी ८.०५

स्पष्ट लिहितो, राग मानू नका. स्थानिक माणसावर हे काम चालत नाही. बिहार-झारखंडची टोळी घ्या, राहायला खोली द्या. कोर्सवरच राहतील, पहाटे पाचला हजर. मी फॅक्टऱ्यांच्या आवारातल्या बागांना हेच करतो.

कर्जतकर | १५ जुलै, सकाळी ९.५०

ठेका_तुर्भे, तुमच्या बागांना चालत असेल, पण या दुखण्यावर तो उपाय नाही. बिहारमध्येही भातच आहे आणि तिकडची रोपणीसुद्धा याच दिवसांत येते. ज्याच्या घरी दोन बिघे आहेत तो तिकडचा माणूसही जुलैत गाडी पकडतो. वर छठ आणि होळी. मराठवाड्यातली माणसं आणलीत तर जूनमध्ये पेरणी, आणि दसऱ्यानंतर ऊसतोड. ज्याच्या घरी शेत आहे असा माणूस कुठूनही आणा, तो शेताचं पंचांग सोबत घेऊनच येणार.

हिरवळ, तुमच्या १५०० रुपयांबद्दल. माझं घर कर्जतच्या बाजूला, वाडीत वाढलो. मृगात राब, म्हणजे भाताच्या रोपांचा वाफा, पेरला की तीन-साडेतीन आठवड्यांत रोपं लावणीला येतात, म्हणजे आर्द्रा संपता संपता आणि पुनर्वसूत. रोप जून झालं की फुटवे कमी फुटतात, म्हणून ते पुढे ढकलता येत नाही. आणि लावणी एकट्याने होत नाही, सावडीवर होते. आज आमच्या खाचरात तुमची चार माणसं, उद्या तुमच्या खाचरात आमची चार. मी शहरात १५०० रुपयांसाठी थांबलो तर माझ्या शेतात कोणी उतरणार नाही. या वर्षी नाही आणि पुढच्या वर्षीही नाही. तुम्ही त्या माणसाला पैसे विरुद्ध पैसे असा हिशोब घातलात. त्याच्यासमोर पैसे विरुद्ध वाडी असा होता.

आता तुम्हाला एक विचारतो. तुमच्या १८ जणांपैकी कोणाला जमीन आहे आणि कोणाला नाही, हे माहीत आहे का?

हिरवळ | १५ जुलै, दुपारी २.१५

नाही. खरंच नाही. आधार, बँक पासबुक, फोटो एवढं घेतो. शेताचं कधी विचारलं नाही.

घोडबंदरची_बाग | १५ जुलै, दुपारी ३.३०

कर्जतकर दादांनी नेमकं बोट ठेवलं. मी घोडबंदर रोडच्या गृहसंकुलांच्या बागा सांभाळते, येऊरच्या पाड्यांवरच्या बायका कामाला येतात. पहिली चार वर्षं मी हीच चूक केली. वेळापत्रक लावताना कोणाला काय काम येतं हे बघायचे: एक गट निंदणीचा, एक पाणी द्यायचा, एक छाटणीचा. मग जुलैत अख्खा निंदणीचा गट एका दिवशी गायब, कारण त्या सगळ्या एका पाड्यावरच्या होत्या.

आता गट उलटे केले. प्रत्येक कामावर दोन पाड्यांच्या बायका मिसळून असतात, आणि सुट्टी पाड्याप्रमाणे देते. सावडीची माणसं एकत्र जाणारच, तर एकत्रच जाऊ देत. एक पाडा दहा दिवस जातो, तो आला की दुसरा जातो. तारखा मी ठरवत नाही. राब केवढा झालाय ते त्यांनाच दिसतं, मला कसं दिसणार? त्या आठवडाभर आधी सांगतात. लांबलेल्या पावसाने दोन्ही पाडे एकदम गेले असंही एका वर्षी झालं. तेव्हा घरच्या माणसांना घेऊन मी स्वतः पाणी दिलं.

दुसरं, वेळ. तुम्ही सगळ्यांना पहाटे साडेपाचला बोलावता का? मशीन पहाटे चाललं पाहिजे हे कळतं, खेळणारे यायच्या आत ग्रीन तयार हवं. पण लव्हाळा उपटायला साडेपाच कशाला? त्या बाईने पाणी कधी भरायचं, भाकऱ्या कधी थापायच्या? आमच्याकडे निंदणी साडेआठ ते साडेचार. फक्त एप्रिल-मेमध्ये सकाळी सातला सुरू करून साडेअकराला उन्हातून बाहेर काढते, मग चारला पुन्हा दीड तास. २०२३ च्या एप्रिलमध्ये खारघरच्या मैदानावर उष्माघाताने माणसं गेली, तेव्हापासून यात मी कोणाचं ऐकत नाही.

पहाटपाळी | १५ जुलै, रात्री ९.४५

मी सहसा लिहीत नाही. मुंबईच्या आसपासच्या एका कोर्सवर तीन हंगाम काम केलं आहे, चौथ्या वर्षी गेलो नाही. कामगाराच्या बाजूने लिहितो.

माझं काम कप बदलायचं. कप म्हणजे ग्रीनवरचा खड्डा. त्याची जागा सारखी बदलावी लागते, नाहीतर भोवतीचं गवत तुडवून मरतं. डोक्याला टॉर्च लावून अंधारात जायचं. होल कटर उभा धरायचा, जराही कललेला चालत नाही, आणि दोन्ही हातांनी पिळत खाली न्यायचा. १०८ मिलिमीटर व्यासाची मातीची गुंडी अखंड निघाली पाहिजे. ती जुन्या खड्ड्यात बसवायची, तळहाताने दाबायची, मुळं बसतील एवढं पाणी द्यायचं. गुंडी केसभर वर राहिली तर दुसऱ्या दिवशी मशीन तिची टाळू सोलून नेतं. खाली राहिली तर चेंडू तिथे अडखळतो. हे हाताला बसायला मला एक अख्खा हंगाम लागला.

दुसऱ्या वर्षी परत आलो तेव्हा दर कालच आलेल्या मुलाएवढाच. तिसऱ्या वर्षीही. दर वेळी नवा फॉर्म, नवा पीएफ नंबर. गमबुटाचे पैसे पहिल्या पगारातून कापले, मागच्या वर्षीचे बूट घरी धड असताना. पावसात गवतात फुरसं असतं, घोणस असते, बुटाशिवाय कोणी उतरणार नाही. मग ती कामाची वस्तू झाली की माझी?

आणि शेवटचं. हंगाम संपला की "बघू, फोन करू" म्हणायचे. चौथ्या वर्षी फोन आला मेच्या २८ तारखेला. मी २५ ला दुसरीकडे शब्द दिला होता. एप्रिलमध्ये कळलं असतं तर थांबलो असतो, कारण ते काम मला आवडायचं.

हिरवळ | १५ जुलै, रात्री ११.१०

पहाटपाळी, तुम्ही लिहिलंत ते बरं केलंत. नव्या-जुन्याला एकच दर आमच्याकडेही आहे, आणि बुटाचे पैसेही कापतो. आजवर त्यात मला काही खटकलं नव्हतं. उद्या ठेकेदाराशी बोलतो.

पगारपत्रक | १६ जुलै, सकाळी ११.२०

नवा पीएफ नंबर हे वाचून राहवलं नाही. माणसाचा यूएएन, म्हणजे पीएफचा कायमचा नंबर, आयुष्यभर एकच. दर हंगामाला नवा काढणं ही कारकुनाची चूक आहे. पैसे तीन खात्यांत विखुरतात, नावात एक अक्षर वेगळं पडतं आणि पुढे काढताना त्याचे हाल होतात. पहिल्या दिवशी जुना यूएएन विचारा, नसेल सापडत तर आधारवरून शोधा.

आता ईएसआय, म्हणजे कामगार विमा, कारण यात वेळापत्रकाचा थेट संबंध आहे. महिन्याला २१,००० पर्यंत पगार असलेल्याला लागू. कामगाराचे ०.७५ टक्के, मालकाचे ३.२५. कामावर इजा झाली तर पहिल्या दिवसापासून संरक्षण आहे. पण आजारपणाच्या रजेचा ७० टक्के भत्ता हवा असेल तर सहामाहीत ७८ दिवसांची वर्गणी लागते. सहामाही एप्रिल ते सप्टेंबर. महिन्याला २६ दिवसांनी एप्रिल, मे, जून असे तीन महिने नीट भरले की ७८ होतात, मग जुलैत तो लावणीला गेला तरी त्याचं नुकसान नाही. मेच्या मध्यावर घेतलंत आणि जुलैत तो गेला, तर ऑगस्ट-सप्टेंबर धड भरले तरच बेरीज गाठते. हंगाम एप्रिलपासून धरा, बाकी सोपं होतं.

बोनसही लक्षात ठेवा. वर्षात ३० दिवस काम केलेला हंगामी माणूस पात्र ठरतो, किमान ८.३३ टक्के. तो हजर नाही म्हणून त्याची रक्कम पडून राहते, हे मी फार ठिकाणी पाहिलंय. दिवाळीच्या आधी त्याच्या खात्यात गेली पाहिजे.

कर्जतकर | १६ जुलै, दुपारी १.००

दिवाळीचं निघालं म्हणून पुढचं लिहितो, कारण जमीन नसलेल्यांचं पंचांग वेगळं आहे. आमच्याकडची बरीच कातकरी कुटुंबं भूमिहीन. ती जुलैत घरचं भात लावत नाहीत, म्हणजे हिरवळ, तुम्हाला सर्वांत जास्त गरज असते तेव्हा ती मिळू शकतात. पण श्रावण-भाद्रपदात त्यांच्या घरात दाणा नसतो आणि नेमका तेव्हाच वीटभट्टीचा माणूस उचल घेऊन दारात उभा राहतो. उचल घेतली की दिवाळीनंतर अख्खं कुटुंब भट्टीवर, पोरांसकट, ते पाऊस पडेपर्यंत.

तुम्हीही उचल द्या असं मी म्हणणार नाही, तो फास आहे. पगार दर शनिवारी द्या. महिन्याच्या दहा तारखेचा पगार त्या घराला कळत नाही, शनिवारचा कळतो. किराणा शनिवारी भरला जातो.

ठेका_तुर्भे | १६ जुलै, संध्याकाळी ७.३०

आठवड्याच्या पगाराने कारकुनी चौपट होते, हेही लिहा की.

पगारपत्रक | १६ जुलै, रात्री ८.१५

चौपट होत नाही. वर्गण्या महिन्यालाच भरायच्या असतात, शनिवारी फक्त हजेरीवर रक्कम टाकायची. माझा अर्धा दिवस जास्त जातो.

हिरवळ | २० जुलै, पुढच्या वर्षी, रात्री १०.०५

धागा वर काढतोय. वर्षभर बऱ्याच जणांनी विचारलं काय झालं, म्हणून सविस्तर लिहितो.

गेल्या ऑगस्टपासून पगार शनिवारी. दिवाळीपूर्वी बोनस जमा केला, निघून गेलेल्या तिघांनाही. त्यातला एक फोन करून म्हणाला, चुकून आलेत का?

मार्चमध्ये एक शंभर पानी वही केली. प्रत्येकाच्या नावापुढे: गाव-पाडा, शेत आहे का, खाचर की वरकस (डोंगरउताराची जमीन), सावड कोणाशी, गणपती घरी असतात का, भट्टीवर जाणं आहे का, कोणतं काम येतं. ही माहिती मी टेबलामागे बसून विचारली तर कोणी सांगेना, नुसतं "हाय थोडं" म्हणायचे. मग पंप हाऊसजवळ जेवायला त्यांच्यात बसायला लागलो. आठवड्याभरात वही भरली. १८ पैकी ११ जणांना जमीन, ७ जणांना नाही. मी सगळ्यांना एकाच मापाने मोजत होतो.

वेळापत्रक त्यावरून लावलं. जमीनवाल्यांचे दोन पाडे, त्यांच्या दोन पाळ्या, प्रत्येकी बारा दिवस. बिनजमिनीच्या सात जणांना मेमध्येच ब्रश कटर आणि हातमशीन शिकवलं. त्यात चार बायका आहेत. आधीच्या वर्षांत मी बायकांना फक्त निंदणीला ठेवायचो, ती माझी चूक. त्यातल्या एका मावशीचा हात ठेकेदाराच्या मशीनवाल्यांपेक्षा सरळ चालतो. निंदणीतही तिच्याकडून शिकलो: लव्हाळा ओढला की पात हातात येते आणि गाठ खाली राहते. ती खुरपं तिरपं घालून आधी गाठ हलवते, मग त्या गाठीला लागून पुढची गाठ बोटाने चाचपत जाते. एका बुंध्याखाली पाच-सहा गाठींची माळ काढून तिने माझ्या हातावर ठेवली. आम्ही इतकी वर्षं नुसती पात उपटत होतो.

या जुलैत एरवी सगळ्यांत कमी हजेरी १५. मधले तीन दिवस मात्र ११ वर आली होती, कारण पाऊस सलग लागला आणि दोन्ही पाडे एकदम गेले. घोडबंदर ताई, तुमचं आठवलं. खेळपट्टींच्या सांगण्यावरून रफ सोडला होता म्हणून निभावलं. कमिटीतले दोघं नाराज आहेत, चेंडू हरवतात म्हणतात. ते खरंही आहे.

दर: दुसऱ्या हंगामाला रोज ४० रुपये जास्त, तिसऱ्याला आणखी ४०. ठेकेदार यावर दोन महिने अडला. शेवटी नव्या माणसाने बिघडवलेल्या दोन रीलच्या (कापायच्या मशीनच्या फिरत्या पात्यांच्या) धारेचा खर्च आणि या वाढीचा खर्च एका कागदावर मांडून दिला, तेव्हा हो म्हणाला. बूट कोर्सचे, नंबर टाकून रॅकवर. आणि निघताना प्रत्येकाच्या हातात परत यायच्या तारखेचा सहीशिक्क्याचा कागद देतो.

जमलं नाही ते: भट्टीवर चार कुटुंबं गेलीच, शनिवारच्या पगारानेही थांबली नाहीत. त्यांची मागची उचल फिटली नव्हती. आणि पहाटेची गाडी. मेट्रो २०२३ पासून आहे, पण साडेपाचच्या पाळीला ती उपयोगाची नाही. टेंपो ठरवला तर आठवड्याला जेवढे मागतो तेवढे कोणी मंजूर करत नाही. सध्या दोन मोटरसायकली फेऱ्या मारतात, पावसात ते धोक्याचं आहे.

घोडबंदरची_बाग | २० जुलै, रात्री १०.५०

वाचून फार बरं वाटलं. टेंपोचं आम्ही असं केलं: त्याच रस्त्याने दूध नेणारा एक जण रिकामा परततो, त्याच्याशी महिन्याचं ठरवलं. तुमच्या बाजूला पहाटे भाजी घेऊन बाजारात जाणारे असतील, विचारून बघा. मात्र मागे बसायला फळ्या आणि वर ताडपत्री आधी बघून घ्या.

पहाटपाळी | २१ जुलै, सकाळी ६.१०

बारा दिवसांच्या पाळीत कप कोण बदलतं?

हिरवळ | २१ जुलै, दुपारी १.४०

मीच. गुंडी अजून केसभर वर राहते.

पहाटपाळी | २१ जुलै, रात्री ९.२०

कटर बाहेर काढण्याआधी अर्धा वळसा उलटा द्या, आणि गुंडी बसवण्यापूर्वी जुन्या खड्ड्याच्या तळाची माती बोटांनी मोकळी करा. तळ घट्ट राहिला की गुंडी बसत नाही, वर येते. पाणी गुंडी दाबल्यानंतर द्यायचं, आधी नाही.